राजाला कान असावेत

शलमोन गादीवर बसला तेव्हा तो वयाने लहान होता. गिबोन येथे परमेश्वराने त्याला स्वप्नात दर्शन देऊन काय हवे ते माग असे सांगितले, ही कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. शलमोनाने दीर्घायुष्य मागितले नाही, धन मागितले नाही, की शत्रूंचा नाशही मागितला नाही. त्याने शहाणपण मागितले, असे आपण सर्वसाधारणपणे म्हणतो. परंतु मूळ हिब्रू शब्द पाहिले तर त्याची मागणी अधिक नेमकी होती. प्रजेचा न्यायनिवाडा करता यावा म्हणून त्याने 'ऐकणारे हृदय' मागितले. शहाणपण आणि ऐकणे ह्या दोन गोष्टी त्या प्रार्थनेत एकरूप झालेल्या आहेत.

त्याच शलमोनाच्या पुत्राची कथा आपण तितक्या वेळा सांगत नाही. शलमोनाने उत्तरायुष्यात मोठमोठ्या बांधकामांसाठी लोकांवर वेठबिगारीचा भार लादला होता. त्याच्या मृत्यूनंतर शखेम येथे जमलेल्या लोकांनी नव्या राजाला, रहबामाला, एवढीच विनंती केली की, मानेवरचे जू थोडे हलके करावे. रहबामाने तीन दिवसांची मुदत घेतली. वृद्ध मंत्र्यांनी लोकांचे ऐकण्याचा सल्ला दिला. त्याच्याबरोबर वाढलेल्या तरुण सोबत्यांनी अधिक कठोर होण्याचा दिला. रहबामाने सोबत्यांचे ऐकले. बारा वंशांपैकी दहा वंश त्याच्या हातून गेले आणि दाविदाचे राज्य दुभंगले ते कायमचेच.

शहाणा व न्यायी राज्यकर्ता कोणता आणि मूर्ख कोणता, ह्या प्रश्नाचे उत्तर अनेकांनी अनेक प्रकारे दिले आहे. कोणी बुद्धिमत्तेकडे बोट दाखवतात, कोणी शौर्याकडे, कोणी धर्मनिष्ठेकडे. आम्हांला मात्र ह्या दोन बायबलकथांत एक वेगळी कसोटी दिसते. आपल्याविरुद्धची तक्रार राजाच्या कानांपर्यंत पोहोचते की नाही, आणि पोहोचल्यावर तो तिचे काय करतो, ही ती कसोटी. ती घासून पाहण्यासाठी आम्ही येथे फ्रान्सच्या इतिहासातील दोन राजे निवडले आहेत. एक आजोबा, दुसरा नातू. गादी तीच, रक्त तेच, पॅरिस नगरी तीच. बाह्य धर्माचरणातही दोघे काटेकोर. तरीही लोकांनी एकाची आठवण जपली आणि दुसऱ्याच्या कारभाराविरुद्ध उठाव केला. असे का झाले, हे पाहण्याजोगे आहे.

आजोबा म्हणजे नववे लुई. ख्रिस्तसभा त्यांना संत लुई म्हणून ओळखते आणि २५ ऑगस्ट रोजी त्यांचा सण साजरा करते. त्यांचा जन्म १२१४ साली प्वासी येथे झाला. १२२६ मध्ये वडिलांचे निधन झाले तेव्हा ते अवघे बारा वर्षांचे होते. स्पेनमधील कास्तील घराण्यातून आलेल्या राजमाता ब्लांश ह्यांनी बंडखोर सरदारांना काबूत ठेवून मुलाचे राज्य सांभाळले. १२४४ च्या डिसेंबरात लुई गंभीर आजारी पडले. ते जगतील अशी आशा उरली नव्हती. त्या आजारातून उठताना त्यांनी पवित्र भूमीच्या मुक्तीसाठी क्रुसेडवर जाण्याचा नवस केला.

मोहिमेची तयारी म्हणजे जहाजे, घोडे, धान्य आणि पैसा. ही सारी तयारी त्यांनी केलीच. परंतु १२४७ मध्ये त्यांनी आणखी एक तयारी केली, आणि आमच्या मते त्यांच्या राज्यकारभाराचे मर्म तिच्यात आहे. अन्यायाने घेतलेली मालमत्ता पदरी ठेवून क्रुसाची खूण खांद्यावर मिरवता येत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी राज्याच्या निरनिराळ्या प्रांतांत चौकशीकर्ते पाठवले. त्यांतील बहुतेक फ्रान्सिस्कन व डॉमिनिकन संघांचे व्रतस्थ होते. हे दोन्ही संघ त्या काळी नवे होते, दारिद्र्याचे व्रत पाळणारे होते, आणि गावोगाव पायी हिंडण्याची त्यांना सवय होती. राजाच्या अधिकाऱ्यांनी कोणावर अन्याय केला आहे काय, हे विचारण्याचे काम त्यांच्याकडे होते. केवळ लुई ह्यांच्या नव्हे, तर त्यांच्या आजोबांच्या कारकिर्दीतील तक्रारीदेखील ऐकून घेण्याची मुभा होती.

लोक आले. हजारोंच्या संख्येने आले. कोणाची जमीन खोट्या कारणाने जप्त झाली होती, कोणाची गुरे हाकून नेली होती, कोणाला न केलेल्या गुन्ह्यासाठी दंड भरावा लागला होता. विधवा आल्या, शेतकरी आले, लहानसहान दुकानदार आले. त्यांच्या तक्रारी लॅटिन भाषेत टिपून घेण्यात आल्या. त्या नोंदींतील बऱ्याच आजही उपलब्ध आहेत. तेराव्या शतकातील खेडुतांचे शब्द आपल्यापर्यंत क्वचितच पोहोचतात. येथे ते पोहोचले, कारण एका राजाला आपल्याविरुद्धच्या तक्रारी हव्या होत्या. शहानिशा होऊन अनेकांना भरपाई मिळाली आणि कित्येक अधिकाऱ्यांच्या जागी नवी माणसे आली.

इतिहासात राजांनी चौकशा पुष्कळ केल्या आहेत. प्रजेकडून काय येणे आहे हे शोधण्यासाठी त्या बहुधा केलेल्या असतात. राजाकडून प्रजेला काय देणे आहे, हे शोधण्यासाठी केलेली ही चौकशी म्हणून विरळा.

१२४८ च्या ऑगस्ट महिन्यात लुई एग-मॉर्त बंदरातून निघाले. मोहिमेचा शेवट दारुण झाला. इजिप्तमधील दमिएत्ता शहर त्यांनी १२४९ मध्ये घेतले, परंतु पुढच्या वर्षी मन्सुराच्या लढाईत त्यांचा भाऊ रॉबर्ट मारला गेला, सैन्यात रोगराई पसरली आणि एप्रिल १२५० मध्ये राजा स्वतः कैद झाला. सुटकेसाठी प्रचंड खंडणी ठरली. तिचा पहिला हप्ता मोजून दिल्यावर राजाच्या एका सरदाराने, आपण शत्रूला मोजणीत दहा हजार लिव्रांनी फसवले, असे हसत हसत सांगितले. राजाला हसू आले नाही. दिलेला शब्द शत्रूला दिलेला असला तरी तो शब्दच आहे, अशी त्यांची भूमिका होती. राहिलेली रक्कम पोहोचती करा, असा त्यांनी आग्रह धरला. हा प्रसंग त्यांचा सोबती ज्वांव्हिल ह्याने लिहून ठेवला आहे. तो स्वतः त्या कैदेत होता.

सुटकेनंतर चार वर्षे पवित्र भूमीत काढून १२५४ मध्ये लुई मायदेशी परतले. दरम्यान राजमाता वारल्या होत्या. फ्रान्सच्या किनाऱ्यावर येर येथे उतरल्यावर ह्यू नावाच्या एका फ्रान्सिस्कन धर्मबंधूचे प्रवचन त्यांनी ऐकले. ख्रिस्ती असो वा अन्यधर्मीय, कोणतेही राज्य न्यायाच्या अभावाखेरीज दुसऱ्या कारणाने बुडालेले आपल्या वाचनात नाही, असा त्या प्रवचनाचा आशय होता. पराभूत राजाच्या तोंडावर हे बोलणे सोपे नव्हते. राजाने त्या धर्मबंधूला आपल्याजवळ राहण्याची विनंती केली. त्याने ती नाकारली. परंतु त्याचे शब्द राजाजवळ राहिले.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात लुई ह्यांनी कारभाराच्या सुधारणेचा मोठा हुकूम काढला. प्रत्येक प्रांताधिकाऱ्याने लोकांसमोर जाहीर शपथ घ्यावी, गरीब व श्रीमंत, आपला व परका असा भेद न करता न्याय द्यावा, असे त्यात होते. फळे किंवा द्राक्षरस अशी किरकोळ भेट वगळता त्याने स्वतः काही घेऊ नये, बायकोमुलांनाही घेऊ देऊ नये. आपल्या अधिकारक्षेत्रात जमीन खरेदी करू नये. तेथे आपल्या मुलामुलींचे विवाह जुळवू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पद सोडल्यावर लगेच निघून जाऊ नये. सुमारे दीड महिना त्याच ठिकाणी थांबावे, म्हणजे ज्यांना त्याच्याविरुद्ध काही सांगायचे असेल त्यांना ते निर्भयपणे सांगता येईल. बदली झालेला अधिकारी रातोरात निघून जातो आणि लोक हात चोळत बसतात, हा अनुभव आठशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्येही होता, हे ह्या एका कलमावरून कळते.

राजधानीचेही तसेच. पॅरिसच्या कोतवालाचे पद पूर्वी पैसे भरून मिळत असे. ते विकत घेणारे धनिक आपल्या नातलगांचे गुन्हे झाकत आणि गरिबांना नाडत. परिणामी लोक राजाच्या हद्दीत राहायला धजत नसत. लुई ह्यांनी ह्या पदाची विक्री बंद केली, त्याला वेतन ठरवून दिले आणि १२६१ च्या सुमारास एत्येन ब्वालो ह्या कर्तव्यकठोर गृहस्थाची नेमणूक केली. चोरांना थारा उरला नाही, आणि सोडून गेलेली वस्ती परत आली, असे ज्वांव्हिल सांगतो.

व्हँसेनच्या रानातील ओकवृक्षाची गोष्ट तर फ्रान्समधील प्रत्येक शाळकरी मूल जाणते. उन्हाळ्यात मिस्सा झाल्यावर राजा त्या झाडाच्या बुंध्याला टेकून बसे. द्वारपाल नाही, भालदार-चोपदार नाही. ज्याचे काही गाऱ्हाणे असेल त्याने सरळ पुढे यावे. हे चित्र गोड आहे, परंतु आम्हांला त्यापेक्षा दोन कठीण प्रसंग अधिक बोलके वाटतात. झाडाखाली बसून गरिबांचे भांडण मिटवणे त्या मानाने सोपे असते. बलवान माणूस समोर उभा राहिला म्हणजे न्यायाची परीक्षा होते.

पहिला प्रसंग १२५९ चा. आंगराँ द कूसी हा राज्यातील एक बडा सरदार. फ्लँडर्सहून फ्रेंच भाषा शिकण्यासाठी आलेले तीन तरुण जवळच्या एका मठात राहत होते. धनुष्यबाण घेऊन सशांच्या मागे धावता धावता ते कूसीच्या रानात शिरले. कूसीने त्यांना पकडून, कोणतीही चौकशी न करता, फाशी दिले. मठाधिपतींनी व मृतांच्या आप्तांनी राजाकडे दाद मागितली. लुई ह्यांनी कूसीला आपल्या शिपायांकरवी अटक करून लूव्रच्या किल्ल्यात कोंडले. कूसीने द्वंद्वयुद्धाने निकाल लावण्याची मागणी केली. सरदारवर्गाचा तो जुना हक्क मानला जाई. राजाने ती फेटाळली. गरिबांसाठी व दुर्बळांसाठी लढायला कोणी उभा राहत नाही, तेव्हा अशा खटल्यांत द्वंद्व म्हणजे न्याय नव्हे, असे त्यांनी सांगितले. दरबारातील जवळजवळ सारे सरदार कूसीच्या बाजूने उभे राहिले. अखेर राजाने त्याचा प्राण घेतला नाही, परंतु मोठा दंड केला, मृतांच्या आत्म्यांसाठी प्रार्थनामंदिरे उभारायला लावली आणि ते रानही त्याच्याकडून काढून घेतले. ह्याच सुमारास त्यांनी आपल्या खास मुलखात द्वंद्वाने न्याय करण्याची प्रथा बंद करून साक्षीपुराव्याची पद्धत आणली.

दुसरा प्रसंग घरातला. राजाचा सख्खा भाऊ चार्ल्स हा आंजू प्रांताचा अधिपती होता. त्याच्या न्यायालयात खटला हरलेल्या एका सरदाराने राजाकडे अपील केले म्हणून चार्ल्सने त्याला तुरुंगात टाकले. लुई ह्यांनी भावाला बोलावून घेतले आणि फ्रान्समध्ये राजा एकच असतो, भाऊ झाला म्हणून सूट मिळणार नाही, अशी समज दिली. चार्ल्सच्या धाकाने त्या सरदाराला वकील मिळेना; राजाने स्वतः त्याला सल्लागार मिळवून दिले. खटला पुन्हा चालला आणि चार्ल्स हरला. घरच्या माणसाविरुद्ध न्याय करणे म्हणजे काय, हे ज्यांनी गावकीचे वा भावकीचे वाद पाहिले आहेत त्यांना समजावून सांगायला नको.

स्वतःविषयीची टीका ऐकण्याचीही त्यांची तयारी होती. सारेत नावाची एक स्त्री राजवाड्याच्या पायऱ्यांवर त्यांना तोंडावर म्हणाली की, तुम्ही धर्मबंधूंचेच राजे, दुसरा कोणी गादीवर असता तर बरे झाले असते. नोकर तिला मारून हाकलू लागले. राजाने त्यांना थांबवले, आपण ह्या पदाला लायक नाही हे तिचे म्हणणे खरेच आहे असे हसून सांगितले, आणि तिला पैसे देऊन पाठवले. आपल्या वारसासाठी त्यांनी जो उपदेश लिहून ठेवला त्यातही हेच सूत्र आहे. कोणी तुझ्याविरुद्ध दावा आणला तर सत्य कळेपर्यंत तू प्रतिपक्षाच्या बाजूने उभा राहा, म्हणजे तुझे न्यायाधीश निर्भयपणे निकाल देतील, असा त्याचा आशय आहे. राजाला दिलेला ह्याहून शहाणा सल्ला आमच्या पाहण्यात नाही.

असो. संताचे चरित्र सांगताना त्यातील सावल्या पुसून टाकणे हा इतिहासाशी प्रामाणिकपणा ठरणार नाही. लुई ह्यांचे कान सर्वांसाठी सारखे उघडे नव्हते. १२४० मध्ये पॅरिसमध्ये यहुद्यांच्या 'तालमूद' ग्रंथावर खटला भरण्यात आला आणि त्यानंतर गाड्या भरभरून हस्तलिखिते जाळण्यात आली. १२६९ मध्ये यहुद्यांनी कपड्यांवर ओळखीची खूण लावावी असा हुकूम त्यांनी काढला. ज्या राजाने खेडुताच्या गाईची दाद घेतली, त्याने एका संपूर्ण समाजाची दाद घेतली नाही. ख्रिस्तसभेला ह्या विषयावर आत्मपरीक्षण करायला फार काळ लागला. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुदीद्वेषाचा निषेध केला, आणि २००० साली पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी परमेश्वराजवळ जाहीर क्षमायाचना केली.

इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री व त्याचे सरदार ह्यांच्यातील तंटा लवादासाठी लुई ह्यांच्याकडे आला, तेव्हाही १२६४ मध्ये त्यांनी निकाल सर्वस्वी राजाच्या बाजूने दिला. थोड्याच महिन्यांत त्या देशात यादवी युद्ध पेटले. आणि आयुष्याच्या शेवटी त्यांनी दुसऱ्या क्रुसेडचा हट्ट धरला. जिवलग ज्वांव्हिलने सोबत जाण्यास साफ नकार दिला. मागच्या वेळी आपण परदेशी असताना अधिकाऱ्यांनी आपल्या रयतेला नागवले, आता देवाची सेवा करायची तर घरी राहूनच रयतेचे रक्षण केले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. राजाने ते ऐकले नाही. जुलै १२७० मध्ये सैन्य ट्युनिसजवळ उतरले, छावणीत साथ पसरली आणि २५ ऑगस्ट रोजी लुई तेथेच वारले. कसोटी आपण त्यांच्यावरही लावली पाहिजे: जेथे जेथे ते ऐकत होते तेथे तेथे ते शहाणे ठरले, आणि जेथे त्यांनी ऐकणे थांबवले तेथे त्यांचे शहाणपणही थांबले.

आता नातवाकडे वळू. चौथा फिलिप आजोबांच्या मृत्यूच्या वेळी दोन वर्षांचा होता. १२८५ मध्ये तो गादीवर आला. रूपाने देखणा म्हणून लोक त्याला 'देखणा फिलिप' म्हणत. तो मूर्ख होता असे कोणी म्हणणार नाही, निदान त्या शब्दाच्या रूढ अर्थाने नाही. कायदेपंडितांना हाताशी धरून त्याने राजसत्ता अभूतपूर्व बळकट केली. तो उपवास करी, मिस्सा चुकवीत नसे. आजोबांना संतपद मिळावे ह्यासाठी त्याच्या दरबाराने खटपट केली, आणि १२९७ मध्ये पोप बोनिफास आठवे ह्यांनी लुई ह्यांना संत म्हणून घोषित केले.

परंतु ह्या राजाशी कोणाला बोलता येत नसे. पामिएचे बिशप बर्नार्ड सेसे ह्यांनी त्याला घुबडाची उपमा दिल्याचे नमूद आहे: दिसायला सुंदर, पण नुसते टक लावून पाहणारे. बिशपमहोदयांना ह्या व अशा बोलण्याची किंमत द्यावी लागली. १३०१ मध्ये त्यांना अटक झाली. सारेतला मिळालेली वागणूक येथे आठवावी. फिलिपच्या वतीने बोलत ते नोगारे, मारीन्यी यांसारखे सल्लागार. राज्य राजा करतो की त्याचे मंत्री, ह्यावर इतिहासकार अजूनही वाद घालतात.

१३०२ मध्ये त्याने धर्मगुरू, सरदार व नगरवासी अशा तिन्ही वर्गांची सभा पॅरिसच्या नोत्रदाम महामंदिरात भरवली. प्रजेचे ऐकण्याची ही केवढी संधी होती! परंतु ती सभा राजाचे ऐकण्यासाठी बोलावलेली होती; पोपमहोदयांशी चाललेल्या भांडणात त्याला सर्वांचा होकार हवा होता. पुढच्याच वर्षी त्याचा मंत्री नोगारे सशस्त्र टोळी घेऊन इटलीतील अनान्यी येथे गेला आणि वयोवृद्ध पोप बोनिफास ह्यांना त्यांच्याच महालात कैद केले. नागरिकांनी त्यांची सुटका केली, पण महिन्याभरात ते वारले. आजोबांना संतपद देणाऱ्या पोपमहोदयांची ही गत नातवाच्या माणसाने केली.

आजोबांनी सुरू केलेली चौकशीकर्त्यांची प्रथा फिलिपने मोडली नाही. उलट तो चौकशीकर्ते पाठवीतच राहिला. परंतु त्यांचे काम बदलले. अन्यायाने घेतलेले परत करण्याऐवजी, कोणाकडून काय दंड वसूल करता येईल, राजाचा कोणता हक्क कोठे बुडाला आहे, हे शोधणे त्यांचा मुख्य उद्योग झाला. नाव तेच, शिक्का तोच. एकेकाळी परतफेड घेऊन येणारा माणूस आता वसुलीला येऊ लागला. राज्यसंस्था कशी नासते ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

युद्धांसाठी पैसा हवा म्हणून १२९५ पासून त्याने नाण्यांतील चांदी कमी करून त्यांची दर्शनी किंमत चढवली. महागाई वाढली. संत लुई ह्यांच्या काळचे चांगले नाणे परत द्या, अशी मागणी होऊ लागली. १३०६ मध्ये राजाने एका हुकमाने चांगले नाणे परत आणले, पण त्या हुकमाचा गरिबांवर काय परिणाम होईल हे कोणाला विचारले नाही. घरमालकांनी भाडे चांगल्या नाण्यात मागितले, आणि भाडेकरूंच्या दृष्टीने ते एकाएकी तिप्पट झाले. वर्षअखेरीस पॅरिसमध्ये दंगल उसळली. राजाला टेम्पलर सरदारांच्या भक्कम गढीत आश्रय घ्यावा लागला. पुढे कित्येक दंगेखोर फासावर गेले. आणि ज्यांच्या गढीत आश्रय मिळाला होता त्या टेम्पलर संघाच्या सभासदांना १३ ऑक्टोबर १३०७ रोजी त्याच राजाने एकाच दिवशी देशभर अटक केली. छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले. १३१४ मध्ये संघप्रमुख जॅक द मोले ह्यांना जाळण्यात आले.

ह्याच १३०६ साली आणखी दोन गोष्टी घडल्या. यहुद्यांना राज्यातून हाकलून त्यांची मालमत्ता राजाने घेतली. आजोबांची सावली येथे अधिक काळी झालेली दिसते. आणि त्याच वर्षी संत लुई ह्यांच्या मस्तकाचा अवशेष फिलिपने मोठ्या समारंभाने राजवाड्यातील सँत-शापेल ह्या मंदिरात आणून ठेवला. ज्या मस्तकाने हजारो गाऱ्हाणी ऐकली होती, त्याचे पूजन होत होते. गाऱ्हाणी घेऊन येणारे मात्र बाहेर उभे होते.

१३१४ मध्ये फ्लँडर्सच्या स्वारीसाठी नवा कर बसवला गेला. लढाई न होताच तह झाला, तरी करवसुली थांबेना. तेव्हा बर्गंडी, शाँपान्य आदी प्रांतांतील सरदारांनी व नगरांनी संघ स्थापून उघड विरोध केला. फिलिपने मृत्यूच्या तोंडावर तो कर रद्द केला आणि २९ नोव्हेंबर रोजी तो वारला. त्याच्या पुत्राला १३१५ मध्ये प्रांतोप्रांतीच्या लोकांना हक्कांच्या सनदा द्याव्या लागल्या. त्या लोकांची मागणी कोणती होती? संत लुई ह्यांच्या काळी होता तसा कारभार हवा. मरून पंचेचाळीस वर्षे झालेल्या राजाची आठवण जिवंत राजाविरुद्ध दाद मागण्यासाठी लोकांनी वापरली. संत लुई ह्यांना लाभलेले हे दुसरे संतपद म्हणावे लागेल, आणि ते रयतेने दिलेले होते.

आजोबा आणि नातू ह्यांच्यात बुद्धीचा फरक फारसा नव्हता. कदाचित नातूच अधिक चतुर असेल. भक्तीच्या बाह्य आचारातही फरक नव्हता. फरक कानांचा होता. लुई ह्यांनी आपल्याविरुद्ध बोलण्याची सोय करून ठेवली: चौकशीकर्ते, जाहीर शपथ, पद सोडल्यावर थांबण्याचे बंधन, भावाविरुद्ध लढणाऱ्याला वकील. राजाचा स्वभाव चांगला असणे पुरेसे नाही, हे त्यांनी ओळखले होते. आणि ऐकल्यानंतर ते काही परत करीत. नुसते ऐकून घेणे हे गाऱ्हाणे मांडणाऱ्याचे समाधान करण्याची एक युक्तीही असू शकते. परतफेड झाली म्हणजे ऐकणे खरे ठरते.

आज आपल्याला राजे नाहीत. ज्यांना आपण मते देतो तेच आपले राज्यकर्ते, आणि लहान प्रमाणात आपणही कोठे ना कोठे सत्ता चालवतो: ग्रामपंचायतीत, पतपेढीत, धर्मग्रामाच्या मंडळात, शाळेत, स्वतःच्या घरात. तेथे आमच्याविरुद्ध कोणी बोलत नाही, ह्याचे आपल्याला समाधान वाटत असते. संत लुई ह्यांना बहुधा त्याची चिंता वाटली असती. १२४७ मध्ये त्यांच्यासमोरही कोणी तक्रार घेऊन उभे नव्हते. तक्रारी खेड्यापाड्यांत दबून पडल्या होत्या. त्यांनी माणसे पाठवून त्या मागवून घेतल्या.

मत देताना, आणि स्वतःच्या हाती सत्ता असताना, प्रश्न एकच विचारावा. येथे दुबळ्या माणसाला बलवानाविरुद्ध निर्भयपणे बोलता येते काय, आणि बोलल्यावर त्याचे त्याला परत मिळते काय? जेथे ह्याचे उत्तर होकारार्थी येते, तेथे शलमोनाची प्रार्थना अजून ऐकली जात आहे असे समजावे.